हर्सूल पार्टी, बोला

“कोणाची काही हरकत नाही ना?” पुण्याच्या बाईंनी विचारलं, आणि आमच्या तिन्ही फोनांतून चकार शब्द गेला नाही.

बाई थांबल्या. आम्ही गप्प. “मग ठरलं. चारशे किलो, श्रावण लागायच्या आत,” त्या म्हणाल्या, आभार मानले आणि फोन ठेवून दिला.

चारशे किलो शेवया, त्याही आषाढात. पाटावरची शेवई हातानं ओढायची, काठीवर टाकायची आणि कडक उन्हात वाळवायची. ऊन नसलं की तिला वास येतो, बुरशी धरते, खाणारा आजारी पडतो आणि करणारीचं नाव जातं. आषाढात आमच्याकडं चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. हे आम्हा तिघींनाही माहीत होतं. देवगाव रंगारीची शकुंतला आपल्या फोनवर ओरडत होती की बाई, ऊन कुठंय. खुलताबादची रजियाबी ओरडत होती, धूपच नइं है, सुकाना कैसा. पण दोघींच्या फोनचा आवाज बंद होता. मी गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ बसले होते. माझाही आवाज बंद होता, आणि मी तर ओरडतही नव्हते. ते का, ते पुढं सांगते.

आवाज बंद करायला आम्हाला ज्यांनी शिकवलं ते भानुदासराव त्या वेळी खाली पुढच्या खोलीत इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. या कॉलवर तोंड दिसत नाही, नुसता आवाज जातो. तरी शर्ट इस्त्रीचा, भांग पाडलेला आणि फोन घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवलेला.

भानुदासराव माझे भाडेकरू. हर्सूलच्या आमच्या घरात सहा वर्षं झाली त्यांना. टेलिफोनच्या कचेरीत ते ऑपरेटर होते. परगावी बोलायचं तर नंबर लावून तास तास बसावं लागायचं, त्या काळातले. या गावची लाईन त्या गावच्या लाईनला जोडून द्यायची, तीन मिनिटं झाली की सांगायचं, हे त्यांचं काम. मग लोकांच्या खिशात फोन आले आणि यांना दुसऱ्या टेबलावर बसवून ठेवलं. त्या टेबलाबद्दल ते कधी बोलत नाहीत.

आमचा धंदा शेवयांचा. देवगावात शकुंतलेच्या हाताखाली दहा बाया, खुलताबादला रजियाबीकडं सहा, माझ्याकडं चार. पुण्याच्या बाईंचं दुकान आहे, त्या माल घेतात. कोणाला किती करायचं, कधी पाठवायचं, हे दर रविवारी फोनवर सगळ्यांनी मिळून ठरवायचं असं त्यांनीच काढलं.

पहिला कॉल पाऊण तास चालला. त्यातला अर्धा वेळ जेवण झालं का यातच गेला. शकुंतलेनं रजियाबीला सुनेचं बाळंतपण विचारलं, रजियाबीनं तिला म्हशीचं विचारलं. पुण्याच्या बाईंना वाटलं त्यांनाच विचारतायत, म्हणून त्यांनी आपण काय जेवलो ते सांगितलं. मी एकीकडं भाकरी थापत होते. बाईंनी घाबरून विचारलं, तिकडं कोणी कोणाला मारतंय का?

भानुदासरावांनी हे भिंतीपलीकडून ऐकलं. आमच्या दोन खोल्यांतली भिंत पातळ आहे. कॉल संपल्यावर ते दारात येऊन उभे राहिले.

“अक्का, लाईनचा बाजार केलाय तुम्ही.”

पुढच्या रविवारी कॉल त्यांनी लावला. त्यांना कोणी नेमलं नव्हतं. आधी पुणे, मग देवगाव, मग खुलताबाद, मग मी, असं एकेकीला फोन लावून सगळ्यांना एकात जोडलं आणि घसा साफ करून म्हणाले, “सगळ्यांचा सगळ्यांना राम राम आणि सलाम. जेवणं झालेली आहेत. देवगाव पार्टी, बोला.”

शकुंतलेला याचा लई राग आला. ती जेवली नव्हती.

तेव्हापासून आम्हाला नावं राहिली नाहीत. ती देवगाव पार्टी, ती खुलताबाद पार्टी, मी हर्सूल पार्टी. मी वर गच्चीत, ते खाली माझ्याच घरात, आणि मला म्हणणार, “हर्सूल पार्टी, बोला.” गच्चीत मी हौसेनं जात नव्हते. एका घरात दोन फोन जवळ आले की शिट्टी वाजते, म्हणून त्यांनी मला वर घालवलं. गुडघे माझे, जिना माझा.

ज्या पार्टीला बोला म्हटलं तिनंच बोलायचं. बाकीच्यांनी आवाज बंद ठेवायचा. तो बंद करायचं बटन सापडेना, तेव्हा त्यांनी माझ्याकडून टिकल्यांचं पाकीट मागून घेतलं. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली, पण मी टिकली सोडली नाही, त्यामुळं पाकीट घरात होतं. फोनच्या काचेवर बटनाच्या बरोबर वर एक टिकली. टिकलीच्या खाली दाबायचं की आवाज बंद, परत दाबायचं की सुरू. देवगावला ते एसटीनं टिकली चिकटवायला गेले. रजियाबी टिकली लावत नाही, तिच्या काचेवर नेलपॉलिशचा ठिपका दिला, तोही तिला विचारून, तिच्या आवडीच्या रंगाचा.

आकडा सांगितला की तो दोनदा सांगायचा. साठ आणि आठ यात एकदा घोळ झाला होता. तीन मिनिटं झाली की ते “तीन मिनिटं” म्हणत. एकदा पुण्याच्या बाईंनाच वाक्याच्या मध्यात थांबवलं. मला वाटलं गेला धंदा. पण बाई हसल्या आणि म्हणाल्या, आमच्या इकडच्या मीटिंगांना पण यांना न्या कोणीतरी.

खोटं कशाला बोलू, कॉल पाऊण तासावरून अठरा मिनिटांवर आला. कोणती पेटी कुठल्या गावाहून जाणार यावरून होणारी भांडणं थांबली. “लाईन साफ ठेवा” हे त्यांचं वाक्य शकुंतलेच्या बाया आता मोरी तुंबली तरी म्हणतात.

एक गोष्ट मात्र मला कधी पटली नाही. चार माणसं बोलत असताना भानुदासराव स्वतः कधीच बोलत नसत. शेवयांतलं त्यांना कळायला लागलं होतं, मालातली खोट ते वासावरून सांगत. पण लाईनवर नाही. मी कारण विचारलं तर म्हणाले, “ऑपरेटरला कान असतात अक्का, तोंड नसतं. दोन माणसं बोलत असताना मधी बोलला तर तो ऑपरेटर नाय, चोर.”

आता त्या रविवारचं. त्याच्या आदल्या रविवारी मी मध्येच बोलले होते. रजियाबीची पाळी असताना मला काहीतरी आठवलं आणि मी टिकलीखाली दाबून बोलून टाकलं. भानुदासराव सगळ्यांसमोर म्हणाले, “हर्सूल पार्टी, शिस्त पाळा.” माझ्या घरात राहून, मला. मी ठरवलं की आता हा माणूस बोला म्हणेपर्यंत तोंड उघडायचं नाही, जग बुडालं तरी.

म्हणून मी ओरडत नव्हते. पुण्याच्या बाईंनी हरकत विचारली ती सगळ्यांना मिळून. भानुदासरावांना गावाचं नाव लागतं. ‘सगळे’ नावाचं गाव त्यांच्या बोर्डावर कधी नव्हतंच. त्यांनी कोणालाच बोला म्हटलं नाही. दोघी पाळी यायची वाट बघत आपापल्या घरात ओरडत राहिल्या, मी रुसून बसले, आणि बाईंनी ते होकारात धरलं.

मी जिना उतरून खाली गेले.

“भानुदासराव, आषाढात शेवई वाळत नाय, हे तुम्हाला माहीत नव्हतं व्हय?”

“माहीत होतं.”

“मग बोलला का नाय?”

“ऑपरेटरला...” एवढंच म्हणून ते थांबले. पुढचं त्यांच्याच्यानं म्हणवेना. मी म्हटलं, बाईंना फोन करा आणि सांगा. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मी त्यांना कोणाच्या तरी घरात घुसायला सांगितलं होतं.

दुपारी शकुंतलेनं मला आणि रजियाबीला एकत्र फोन लावला. भानुदासरावांशिवाय. जोडायचं कसं ते तिनं त्यांच्याकडूनच शिकून घेतलं होतं.

“आता बास,” ती म्हणाली. “नासका माल गेला तर बाई परत दारात उभं करणार नाय. माझी पोरगी कॉलेजात जाती, ती चालवील कॉल. त्या म्हाताऱ्याला काढा. अक्का, घर तुमचं, तुम्हीच सांगा.”

मी सांगते म्हटलं. मला असं सांगायला जड जात नाही. सख्ख्या दिराला मी घराबाहेर काढलेलं आहे.

रजियाबी म्हणाली, “पर अक्का, फिर वो सुबह का फोन?”

“कसला फोन?”

“रोज सुबह करते ना. ‘खुलताबाद, आवाज येतो का?’ इत्ताच पूछते. मैं बोलती, येतो. बस, रख देते.”

“तुला पण करतात?” शकुंतला म्हणाली.

तिला वाटत होतं फक्त तिलाच करतात. नवऱ्याला सांगितलं तर हसेल म्हणून तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. म्हशीचं दूध काढून झालं की नेमका फोन, देवगाव, आवाज येतो का? ही म्हणणार, व्हय. की ठेवला.

मग मलाही सांगावं लागलं. मला तो फोन खालच्या खोलीतून येतो. भिंतीवर टिचकी मारली तरी मला ऐकू येईल, पण फोनच येतो. मला वाटत होतं माझ्या फोनला रेंज कमी म्हणून तपासतात. कॉल रविवारी, आणि लाईन तपासायची रोज. त्यांचा स्वतःचा फोन वाजलेला मी सहा वर्षांत दिवाळी सोडून ऐकला नाही. दिवाळीला नाशिकहून मुलाचा येतो.

मग शकुंतलाच म्हणाली, “ते सगळं खरं, पण शेवया कशा वाळवायच्या?” तिचंही बरोबर होतं. ठरलं की दुसऱ्या दिवशी सोमवारी कॉल घ्यायचा, बाईंना मीच नकार कळवायचा, आणि बाई गेल्या की भानुदासरावांना कॉल सोडायला मीच सांगायचं.

सोमवारी अकराला त्यांनी सगळ्यांना जोडलं. शर्ट तोच कालचा होता. मी गच्चीवर बोलायची तयारी करत होते, एवढ्यात ते म्हणाले, “पुणे पार्टी, एक मिनिट. ऑपरेटर बोलतोय.”

आवाज एवढा बारीक झाला होता की मला दुसरंच कोणी वाटलं.

“काल तुम्ही विचारलं तेव्हा तुम्हाला नकार ऐकू आला नाय. तो होकार नव्हता. मी यांची तोंडं बंद ठेवली होती. या तिघीही ओरडून नाय म्हणत होत्या. आषाढात ऊन नसतं, शेवई नासते. नाव यांचं जाईल आणि चूक माझी आहे. रविवारपासून इथं दुसरं माणूस बसेल.”

भिंत पातळ आहे हे मी आधी सांगितलंच. रविवारी दुपारचं आमचं तिघींचं बोलणं पलीकडं गेलं असणार, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आणि तिघी ओरडत होत्या हे खोटं होतं. मी ओरडत नव्हते, ते त्यांना माहीत होतं, कारण गच्चीवरचं बोलणं खाली जातं. मी ते खोडून काढलं नाही.

पुण्याच्या बाईंनी थोडा विचार केला आणि विचारलं, उन्हाळ्यातला वाळलेला माल डब्यांत किती आहे? आम्ही सांगितला. सगळ्यांचा मिळून सव्वाशे किलो भरला. तो पाठवा, बाकीचा दसऱ्यानंतरच्या उन्हात करा, असं म्हणाल्या. यापुढं हरकत विचारताना एकेकीचं नाव घेऊन विचारीन, असंही म्हणाल्या, आणि गेल्या.

राहिलो आम्ही. एरवी पुणे गेलं की भानुदासराव लगेच लाईन सोडतात. त्या दिवशी सोडली नाही. कोणाचाच आवाज बंद नव्हता. देवगावात म्हैस हंबरत होती, खुलताबादला कोणी तरी मुलाला रागवत होतं. शकुंतला खोकली. तो मला इशारा होता, की अक्का, आता सांगा.

मी म्हटलं, “भानुदासराव, रविवारी कॉल किती वाजता?”

शकुंतलेनं मोठा श्वास घेतला. आता भांडते की काय वाटलं. पण म्हणाली, “अकराच ठेवा. दहाला दूध घालायचं असतं मला.”

“मेरेकू भी ग्याराच चलता,” रजियाबी म्हणाली.

भानुदासराव बरं म्हणाले. तरीही लाईन सुटली नाही, आणि आमच्यातल्याही कोणी फोन ठेवला नाही.

तेव्हा लाईनवर शेवटपर्यंत होतो ते आम्ही चौघं. देवगावची शकुंतला, खुलताबादची रजियाबी, भानुदासराव आणि मी.