किल्लीवाल्यांचा पैलवान

किल्लीवाल्यांनी गालाला दाढीचा फेस फासला आणि घरात फारच शांतता आहे हे एकदम त्यांच्या लक्षात आलं. वासराएवढा कुत्रा पाळलेल्या घरात शांतता असणं हे काही चांगलं लक्षण नव्हे.

"पैलवान?" त्यांनी न्हाणीघरातूनच हाक मारली. "ए पैलवाना!"

बाहेरच्या खोलीत चटई होती, चटईवर केसांचा थर होता, फक्त पैलवान नव्हता. पुढचं दार बंद, मागच्या कोठीचं दार बंद, खिडक्यांना गज. सगळी कुलपं जागच्या जागी आणि कुत्रा पसार.

निराधार प्राण्यांच्या संस्थेतून त्याला आणून तीन महिने झाले होते आणि ही अकरावी खेप होती. तीस वर्षं लोकांची अडलेली कुलपं उघडून देणाऱ्याच्याच घरातून कुत्रा निसटतो, म्हणजे दिव्याखाली अंधार! दर खेपेनंतर किल्लीवाले आधीपेक्षा भारी कुलूप बसवत. गेल्या रविवारी पुढच्या दाराला बसवलेलं तर दार ओढलं की आपोआप लागायचं आणि किल्लीशिवाय कुणाच्या बापाला उघडलं नसतं. पैलवानाला त्याचं काडीचं कौतुक नव्हतं.

पण आज वेळच वाईट होती. पाच वाजता संस्थेच्या बाई पाहणीला येणार होत्या. "कुत्रा रस्त्यावर भटकताना दिसला, तर मी परत नेणार," असं त्यांनी फोनवर स्वच्छ सांगितलं होतं. साडेचार वाजले होते. हाच कुत्रा नको म्हणून बायकोशी आठवडाभर भांडलेल्या किल्लीवाल्यांना आता तोच परत जाईल म्हणून चप्पल घालायचंही सुचेना.

ते तसेच धावत सुटले. अंगात बनियन, एका गालावर फेस. मागे दार खटकन लागलं, तिकडे लक्ष द्यायला सवड कुणाला होती?

"कुत्रा दिसला का हो?" त्यांनी इस्त्रीवालीला विचारलं.

"दिसला? धुतलेल्या चादरींवर लोळून गेला मेला!"

"कुठे गेला?"

"बस थांब्याकडे. आणि परत आलात की चादरींचं बोलू."

बस थांब्यावर रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, "तो का? बसमध्ये चढला होता. कंडक्टरनं उतरवला. उतरेना, तेव्हा चार जणांनी उतरवला."

"मग?"

"मग बस गेली, तोही गेला. तुमची दाढी अर्धीच राहिलीय बरं का."

किल्लीवाल्यांनी दोन गल्ल्या पालथ्या घातल्या. घामात फेस मिसळून गळ्यापर्यंत ओघळला. शेवटी धापा टाकत ते घराच्या कोपऱ्यावर आले, तर समोरच्या कट्ट्यावरून निवृत्त पोस्टमास्तर ओरडले, "अहो, कुणाला शोधताय?"

"पैलवानाला!"

"तो तर केव्हाचा तुमच्या खिडकीत बसलाय. तुमचीच वाट बघतोय बहुतेक."

खरंच, गजांमागे पैलवानाचं भलंमोठं तोंड होतं. जीभ बाहेर, चेहऱ्यावर साधूसारखी शांती. किल्लीवाल्यांना आनंदानं रडू यायचं बाकी राहिलं. त्यांनी दाराला हात घातला, आणि मग त्यांना आठवलं की किल्ली आत खुंटीला आहे.

पोस्टमास्तरांकडून तार मागून त्यांनी आपल्याच कुलपात दहा मिनिटं खुडबूड केली. कुलूप खरोखरच उत्तम होतं. मग पोस्टमास्तरांच्याच फोनवरून त्यांनी दवाखान्यात नर्स असलेल्या बायकोला गाठलं.

"अगं, मी बाहेर अडकलोय. तुझी किल्ली..."

"माझी किल्ली तुम्हीच काढून घेतलीत. 'तू दार नीट लावत नाहीस' म्हणून. आठवतंय?"

"बरं, पण आता..."

"निघालेच मी," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

किल्लीवाले खिडकीशी आले. "अरे बाबा, तू आत गेलास कुठून? तेवढं तरी सांग."

पैलवान खिडकीतून दिसेनासा झाला आणि क्षणभरानं मागच्या बाजूनं शेपटी हलवत त्यांच्यासमोर हजर झाला. किल्लीवाले हादरले. त्यांनी त्याला पकडायला झेप घेतली. पैलवानाला वाटलं, खेळ सुरू झाला. तो वळला, कोठीच्या दाराशी गेला, खालच्या दोन फळ्या नाकानं बाजूला सारल्या आणि आत गडप झाला.

वर पितळी कुलूप झळकत होतं. खाली फळ्या एकेका खिळ्यावर लोंबत होत्या. तीन महिने किल्लीवाल्यांनी कुलपं बदलली होती, दाराकडे पाहिलंच नव्हतं.

पाच वाजायला चार मिनिटं होती. किल्लीवाले पालथे पडले आणि सरपटत आत शिरले. डोकं गेलं, खांदे गेले, पोट मात्र अडलं. ना पुढे, ना मागे.

"कुणी आहे का घरात?" बाहेरून बाईंचा आवाज आला. पावलं मागच्या बाजूला वळली आणि दोन पायांपाशी थांबली. "अगंबाई! कोण आहे हे?"

"घरमालक," दाराआडून उत्तर आलं. "नमस्कार."

"आणि कुत्रा?"

"कुत्रा घरात आहे. तो घरातच असतो."

तेवढ्यात बायकोची हाक आली आणि पाठोपाठ पुढचं दार उघडल्याचा आवाज. दोघी आतून कोठीत आल्या, तेव्हा पैलवान मन लावून मालकाच्या गालावरचा फेस चाटत होता.

"दार कसं उघडलंस?" किल्लीवाल्यांनी मान वर केली.

"किल्लीनं."

"किल्ली कुठली?"

"करून घेतली दुसरी. भाजीबाजाराच्या तोंडाशी तो नवा पोरगेला चावीवाला बसतो ना, त्याच्याकडून. दुपारी जेवताजेवता करून दिली त्यानं."

फळ्या पोटात रुतत होत्या, पण कळ भलतीकडेच गेली.

"आता सुतार आणायला हवा," बायको म्हणाली आणि बाहेर धावली. बाईही कागदावर काहीतरी खरडत तिच्यामागे गेल्या. पुढचं दार सताड उघडं राहिलं.

"दार! अगं, दार लाव! तो जाईल!" किल्लीवाले कळवळून ओरडले.

पैलवानानं उघड्या दाराकडे पाहिलं. रस्त्यावरून बस गेली. मग त्यानं जमिनीलगतच्या त्या लालबुंद चेहऱ्याकडे पाहिलं, एक लांब सुस्कारा सोडला आणि तिथंच, किल्लीवाल्यांच्या डोक्याशी, अंगाचं मुटकुळं करून निजला.