दोन बोटींचं पत्र

लढाईच्या दिवसांत आमच्या टपाल तपासणी कचेरीत माझ्याइतका तरबेज माणूस नव्हता. हे मीच सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगत नव्हतं! माझं काम गुप्त शाई पकडण्याचं. लिंबाचा रस, कांद्याचा रस, दूध, असल्या कशानेही ओळींच्या मधे लिहिलेलं असलं, की कागदावर गरम इस्त्री फिरवायची. मजकूर तपकिरी होऊन वर येतो. दिवसाला दोनशे पत्रं मी शर्टांसारखी इस्त्री करायचो. एक हेर सापडला की बढती नक्की! पण दोन वर्षांत सापडला तो एका म्हाताऱ्याने बायकोला लिंबाच्या रसातून पाठवलेला मुका.

त्या दिवशी शेजारचा कारकून रजेवर होता, म्हणून त्याचा गठ्ठा माझ्याकडे आला. तिसरंच पाकीट उचललं आणि दचकलो. पत्ता माझ्याच घरचा! बायकोच्या नावाचा! अक्षर आघाडीवर गेलेल्या माझ्या मेहुण्याचं. घरची पत्रं आपण तपासायची नाहीत, असा नियम होता. पण हात शिवशिवले.

वर साध्या शाईत लिहिलं होतं, ‘ताई, इथे सगळं ठीक. हवा छान. भूक लागते.’ इस्त्री फिरली आणि मधून अक्षरं उगवायला लागली. ‘दोन बोट...’ इथे माझा हात थिजला, इस्त्री तिथेच राहिली आणि कागदाला बटणाएवढं भोक पडलं! भोकाच्या पलीकडे होतं, ‘आठ शिल्लक. डावी बाजू अजून पुढे सरकत नाही. म्हातारीला सुगावा लागू देऊ नकोस. भावोजींना तर मुळीच नको!’

भावोजी म्हणजे मी!

दोन बोटी बुडाल्या! आठ शिल्लक! डावीकडचं सैन्य अडकलंय! आणि ‘म्हातारी’ हे तर कुणाचं तरी सांकेतिक नाव! म्हणजे मेहुणा हेर, आणि जिच्या हातचं सकाळी जेवून आलो, ती...

साहेबांना सांगावं तर बायको फासावर, न सांगावं तर मी. उठलो. बसलो. पाणी प्यायलो. पुन्हा उठलो. खिडकीपाशी गेलो, तिथे का आलो ते आठवेना, परत आलो. शेवटी पत्र शर्टात कोंबलं आणि “पोटात दुखतंय!” असं शिपायाला ओरडून सांगत घराकडे पळालो. पोट धरायचं मात्र विसरलो!

बायको स्वयंपाकघरात बसली होती. समोर वाटीत दूध, हातात टाक!

“हे काय?”

“मांजरासाठी.”

“टाकाने पाजतेस? आणि आपल्याकडे मांजर कुठंय?”

“तुम्ही इतक्या लवकर कसे आलात?”

“विषय बदलू नकोस! बोटी किती बुडाल्या, खरं सांग!”

“कसल्या बोटी?”

तेवढ्यात दार धडधडलं. साहेब! मागे दोन बंदूकवाले! मी पळालो तेव्हा पाकिटाचं टोक शर्टाबाहेर डोकावत होतं म्हणे, आणि कचेरीतलं पत्र बाहेर नेणं म्हणजे सरळ तुरुंग. साहेबांनी पत्र खेचून वाचलं.

“बोटींची बातमी कुणाला विकणार होतात?”

माझ्या तोंडातून भलतंच निघालं. “साहेब, सगळं माझंच काम! हिला काही ठाऊक नाही!”

“अहो, काय बरळताय!” बायको मधे पडली. “साहेब, बोटी नाहीत हो! बोटं! पायाची बोटं! बर्फात गारठून दोन गेली त्याची, मागच्या पत्रातच कळवलं होतं. दवाखान्यात पडलाय!” आणि तिला रडूच कोसळलं. “आईचं हृदय नाजूक, म्हणून तिच्यापासून लपवलं.”

“आणि माझ्यापासून?”

“तुमच्या पोटात काही राहतं का कधी?”

एक बंदूकवाला फिस्सकन हसला. मग पाहिलं, तर आतल्या दारात सासूबाई उभ्या होत्या.

“डाव्या पायाची,” त्या शांतपणे म्हणाल्या. “करंगळी आणि तिच्या शेजारचं. महिना झाला मला कळून.”

“आई! कुणी सांगितलं?”

“त्यानेच. मला कळलंय हे तुला सांगायचं नाही, असं मीच त्याला बजावलं होतं. मला माहीत नाही म्हणून तू खूश होतीस, तर राहू दे म्हटलं. तू माझी पत्रं टाकण्याआधी वाचतेस, म्हणून मीही ओळींच्या मधे लिहायचे.”

“दुधाने?” साहेबांनी विचारलं.

“छे, दूध लगेच पकडलं जातं. कपड्यांची खळ! इस्त्रीने दिसत नाही, आयोडिन लावलं की निळी होते. दवाखान्यात आयोडिन असतंच. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय मी. लेकाला एवढं शिकवलं नसतं होय?”

“अशी किती पत्रं गेली?”

“सहा. सगळी जावईबापूंच्या कचेरीतून.”

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की तुरुंग परवडला असता! मग टोपी काढून त्यांनी सासूबाईंना अदबीने विचारलं, “बाई, सोमवारपासून येऊ शकाल?”

मेहुणा आता काठी घेऊन चालतो, लवकरच घरी येईल. सासूबाई माझ्या खुर्चीत बसतात. मी उघडलेली पाकिटं परत चिकटवतो. घरी त्या मला अजून जावईबापूच म्हणतात हो! कचेरीत म्हणतात, “ओ गोंदवाले, जरा लवकर!”