दहावी 'ब'ला सापडलेली जागा

चिंतनाला शांतता लागते, आणि शांततेला पातेल्यावरचे झाकण चालत नाही. घरातली दोघे अजून झोपलेली असताना दया मॅडम ओट्याला टेकून वरून आलेली पुस्तिका वाचत होत्या. 'रोजगार ही शोधण्याची वस्तू असून योग्य नमुन्यात अर्ज केल्यास ती हमखास सापडते' या पहिल्याच वाक्यापाशी त्या पोचल्या, आणि दुधाच्या पातेल्यावरचे झाकण फरशीवर पडून गोल गोल वाजत राहिले. आत त्यांची चार वर्षांची मुलगी एस्तेर रडू लागली. पुढची पाने मॅडमनी तिला मांडीवर थोपटत वाचली.

पुस्तिका उत्तम होती. आजवर खेड्यापाड्यातली मुले दहावी होऊन भात लावत, जीपवर क्लीनर होत, नाहीतर लग्न करत, याचे एकमेव कारण त्यांना अर्ज लिहिता येत नव्हता, हे तिच्यात पहिल्यांदाच उघडकीस आणलेले होते. म्हणून यंदापासून नववी-दहावीला 'रोजगार शोध व अर्ज कौशल्य' हा विषय लागू झाला. त्यासाठी चित्रकला आणि खेळाचे तास रद्द करण्यात आले. (खेळणाऱ्या मुलांना नोकरी शोधायला सवड राहत नाही, हे कुणीही मान्य करील.)

राजूरच्या त्या शाळेत हा विषय दया मॅडमकडे आला, तोही गुणवत्तेवर. हेडसर गोरक्षनाथ यांनी शिक्षक-बैठकीत विचारले, की आपल्यापैकी अर्ज करून नोकरीला कोण लागले? बैठक बराच वेळ छताकडे बघत राहिली. कुणाला मामांनी लावले होते, कुणाला सासऱ्यांनी, आणि स्वतः हेडसरांना तर संस्थेच्या अध्यक्षांनी, म्हणजे कल्याण आबांनी, एका लग्नाच्या पंगतीतच लावून टाकले होते. अर्ज करण्याचा दांडगा अनुभव एकट्या दया मॅडमना होता. त्यांनी अकोल्यापासून नेवाशापर्यंत सगळीकडे अर्ज केलेले होते आणि त्यांना नोकरी कुठेच नव्हती. शाळेत त्या चार वर्षांपासून तासिका तत्त्वावर होत्या. म्हणजे शिकवायच्या रोज, पण शिक्षकांच्या फोटोत कडेला उभ्या राहायच्या, पुढे-मागे फोटो कापायला सोपा जावा म्हणून.

विषय मॅडमनी मनापासून शिकवला. त्यांचा स्वभावच तसा. पुस्तिकेने सांगितल्याप्रमाणे 'माझी बलस्थाने' लिहायला दिली, तेव्हा ओम नावाच्या मुलाने लिहिले, 'मला चिखलात उभं राहून दिवसभर भाताची आवणी करता येते आणि आमचा बैल मला मारत नाही.' पुस्तिकेच्या मते हे बलस्थान नव्हते. (पुस्तिकेच्या मते 'मी संघभावनेने काम करतो' हे बलस्थान होते. बैलाचे मत कुणी विचारले नव्हते.) 'पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?' या प्रश्नाला निम्म्या वर्गाने 'राजूरला' असे उत्तर दिले. 'विमानतळावरील संधी' या धड्याला मुले अतिशय शांत बसली, कारण विमान त्यांनी रोज पाहिलेले होते, फक्त खालून.

अडचण आली ती 'तुम्हाला ओळखणाऱ्या दोन व्यक्तींची नावे' या रकान्याशी. सबंध दहावी 'ब'ने तिथे कल्याण आबांचे नाव लिहिले. ज्यांना दुसरे नाव सुचेना त्यांनी आबांच्या ड्रायव्हरचे लिहिले.

मॅडमनी लाल पेनाने सगळे आबा खोडले. म्हणाल्या, की अर्ज गुणांवर वाचला जातो, त्याला ओळख लागत नाही.

शेवटच्या बाकावरची रेश्मा उभी राहिली. ती वरच्या पाड्यावरून चालत यायची आणि विचारल्याशिवाय काही मान्य करायची नाही.

"खरंच, मॅडम?"

"खरंच."

"मंग लिहून घेऊ?"

"घे."

सगळ्या वर्गाने लिहून घेतले.

आता जाहिरातींविषयी थोडे सांगितले पाहिजे. संस्था कायद्याने चालणारी होती. जागा भरायची तर वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी, असा नियम आहे. ती कुणी वाचावी, असा नियम नाही. त्यामुळे संस्थेत पूर्वीपासून एक स्वच्छ पद्धत होती. आधी माणूस नक्की करायचा, मग राजूरच्याच एका साप्ताहिकात जाहिरात द्यायची, आणि साप्ताहिक स्टँडवर आले रे आले की क्लार्क बजरंग भाऊसाहेबांनी गठ्ठाच्या गठ्ठा विकत घेऊन टाकायचा. तेवढा एक आठवडा तालुक्याला बातम्या मिळत नसत. संपादकही खूश असत, कारण एरवी अंक परत यायचा. या पद्धतीने आजवर एकही चुकीचा उमेदवार मुलाखतीला आलेला नव्हता.

पण भाऊसाहेब काटकसरी होते. वाया काही घालवायचे नाही, हा त्यांचा बाणा. नुकताच घेतलेला गठ्ठा ऑफिसात नुसता पडून होता, आणि तिकडे दया मॅडमनी 'जाहिरात शोधा' या उपक्रमासाठी जुनी वर्तमानपत्रे मागितली होती. भाऊसाहेबांनी तो गठ्ठा दोरीसकट वर्गात पाठवला आणि 'शैक्षणिक साहित्य पुरवले' अशी नोंद करून सही घेतली.

अशा रीतीने जो अंक सबंध तालुक्यात कुणाच्या हाती लागू नये म्हणून संस्था झटली, तो दहावी 'ब'मध्ये प्रत्येक बाकावर एक, असा वाटला गेला.

मुलांना पहिल्यांदा बियाण्यांच्या जाहिराती सापडल्या. मग ओमने चौथ्या पानाच्या तळाशी बोट ठेवून मोठ्याने वाचले, की पाहिजे, सहायक शिक्षक, एक जागा, इयत्ता आठवी ते दहावी, मराठी व इंग्रजी.

"मॅडम, ही तर आपलीच शाळा हाय."

"आन विषय तुमचेच हायेत," दुसरा म्हणाला.

मॅडमनी त्याच्या हातातून अंक घेतला. हातात घ्यायची गरज नव्हती, त्यांच्या टेबलावरही एक होताच.

"म्हंजे तुमची जागा खाली झाली?" रेश्मा म्हणाली. "आमाला सोडून कुटं चाललाय तुमी?"

मॅडम कुठेच चालल्या नव्हत्या. त्यांना हेच माहीत नव्हते, की त्या बसल्या होत्या त्या खुर्चीवर कुणीतरी आधीच रुमाल टाकून ठेवला आहे. पण अर्जाची मुदत अजून गेलेली नव्हती. वर्गाने पुस्तिका उघडली, आणि मॅडमना त्यांनीच शिकवलेले टप्पे एकामागून एक वाचून दाखवले. आता मॅडमचे दोन्ही पणाला लागले होते. ती जागा, आणि चाळीस वह्यांमध्ये लिहून दिलेले ते एक वाक्य.

अर्ज त्यांनी एस्तेरच्या दुपारच्या झोपेत लिहिला. बलस्थाने खरी लिहिली. ओळखणाऱ्या व्यक्ती म्हणून नेवाशाच्या चर्चचे पाळक आणि कॉलेजातल्या एक मॅडम यांची नावे दिली. नवरा डॅनी टेम्पोवर जायच्या आधी अर्ज वाचून म्हणाला, की यात आबांचं नाव राहिलंय. त्या म्हणाल्या, "राहिलं नाही, गाळलंय." डॅनीने टेम्पोला दोनदा सेल्फ मारला आणि गेला.

जाहिरात वाचून आलेला असा संस्थेचा हा पहिलाच अर्ज. भाऊसाहेबांनी तो आधी तक्रारींच्या फायलीत लावला. न मागता आलेला कागद म्हणजे तक्रार, असा त्यांचा उभ्या नोकरीतला अनुभव होता.

मुलाखतीला एस्तेरला घेऊनच जावे लागले. ती बाहेर व्हरांड्यात रेश्माच्या मांडीवर बसली. आत आबा, हेडसर आणि एक तज्ज्ञ होते, आणि दाराशी फाईल धरून भाऊसाहेब. (तज्ज्ञ आबांचे व्याही होते. त्यांचे तज्ज्ञपण ट्रॅक्टरच्या सुट्या भागांत होते, पण ज्ञान हे शेवटी एकच असते.)

आबांनी पहिला आणि महत्त्वाचा प्रश्न विचारला.

"बाई, ही जाहिरात तुम्हाला दिसली कुठं?"

"वर्गात, आबा. मुलांना सापडली."

आबांनी हेडसरांकडे पाहिले. हेडसरांनी भाऊसाहेबांकडे पाहिले. भाऊसाहेबांनी पंख्याकडे पाहिले. पंखा बंद होता.

मग आबांनी अर्ज हातात घेतला आणि पूर्ण वाचला. असे ते कधी करत नसत. कुणी लिहून दिला, असे त्यांनी विचारले. मॅडमनी मीच, असे सांगितले. आबा चांगले माणूस होते, त्यांना खरेच कौतुक वाटले.

"लई नेटका लिहिलाय. आमच्या पोराला धा वेळा सांगितलं, असं लिहायला शिक. नुसता फोन करतो." त्यांनी अर्ज खाली ठेवला. "बरं, तुमचं इथं कोण?"

"दहावी 'ब' आहे," मॅडम म्हणाल्या.

तज्ज्ञ हसले. त्यांना तो विनोद वाटला. निवड समितीने गुणवत्तेचा सर्वंकष विचार करून आबांच्या भाच्याची निवड केली. त्याने अर्ज केलेला नव्हता, पण त्याचा अर्ज येईल याची समितीला खात्री होती.

सदर भाचा पुण्याला स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करत असल्याने त्याला शिकवायला येणे शक्य नव्हते. तेव्हा त्याचे तास कुणी घ्यायचे, असा पेच पडला. तो हेडसरांनी मोठ्या मनाने सोडवला. दया मॅडम चार वर्षे ते तास घेतच होत्या. त्यांनी ते यापुढेही घ्यावेत, आणि हजेरीपटावर भाच्याची सहीही त्यांनीच करावी, कारण त्यांचे अक्षर चांगले. मॅडमनी सही करायला नकार दिला. तास मात्र घेतले, कारण तासाला समोर मुले होती.

वर्षाअखेर शाळेचा अहवाल गेला. 'उपक्रमातून शोधलेल्या संधी : एक. भरलेल्या संधी : एक. यशाचे प्रमाण : शंभर टक्के.' जिल्ह्यात एवढे प्रमाण दुसऱ्या कुणाचे नव्हते. शाळेला ढाल मिळाली. समारंभात आबांनी मुलांना सांगितले, की स्वतःच्या पायावर उभे राहा. (आबांना उभे राहताना दोघांनी धरले होते.)

आणि मॅडमवर अन्याय झाला, असेही कुणी म्हणू नये. त्यांच्या अर्जाचे चीज झाले. पुस्तिकेच्या नव्या आवृत्तीला एक आदर्श नमुना हवा होता. हेडसरांनी तक्रारींच्या फायलीतून तो अर्ज काढून पाठवला, आणि तो नाव पुसून पान अकरावर छापून आला. आता तो सगळीकडच्या मुलांना अभ्यासाला आहे.

हे वाचून ज्यांना आबांचा राग आला असेल, त्यांनी तो जरूर येऊ द्यावा, तब्येतीला बरा असतो. फक्त आपल्या पहिल्या नोकरीच्या आदल्या आठवड्यात घरून फोन कुणाला गेला होता, एवढे वडिलांना विचारून घ्यावे. वडील नसतील तर मामांना. आणि यंदा आपल्या मुलीसाठी तो फोन आपणच केला असेल, तर मग विचारायलाही कुठे जायला नको.

जूनमध्ये नवी दहावी 'ब' बसली. मॅडमनी पान अकरा उघडायला सांगितले. अश्विनी नावाच्या एका बारीकशा मुलीने तो अर्ज खणखणीत वाचला, बलस्थानांसकट, शेवटच्या 'आपली विश्वासू'पर्यंत. वर्गाला तो आवडला. मुलगी खाली बसली नाही.

"मॅडम," ती म्हणाली, "ह्या बाईंना मग लागली का नोकरी?"