तीन लाख साठ हजार तीनशे साठ

दौलतभाऊंना रामराम केला की उत्तरात आकडा यायचा. "तीन लाख साठ हजार तीनशे साठ! बोल, कितीनं भागू?"

एकापासून पंधरापर्यंत काहीही सांगा, भाग पुरा जायचा, बाकी काही नाही. त्याहून लहान आकड्याला हे जमतच नाही, असं ते छातीवर हात ठेवून सांगत. धूळपाटीवर गुणून गुणून त्यांनीच तो शोधला होता. "यात सात बी हाये, अकरा बी हाये, तेरा बी हाये. कोणी बाहेर नाही!"

अकोल्यात आमचं वावर त्यांच्या वावराला लागून. एकदा मी खोडी काढली, "सोळानं भागा." आठ उरले. भाऊ भडकले. "कावून बे? आमी घरात पंधरा जण. सोळावा बोलावलाच कोणी?"

पंधरा म्हणजे दौलतभाऊ, त्यांचे दोन धाकटे भाऊ, तिघांच्या बायका, लेकरं आणि म्हातारी आई. गुळाचा खडासुद्धा भाऊ जोखून वाटत.

मग अमेरिकेत लढाई पेटली, तिकडचा कापूस यायचा थांबला आणि आमच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. लोक बैलांच्या शिंगांना चांदी मढवू लागले. धाकट्यांना दलालीची हाव सुटली. एकाला अकोट खुणावू लागलं, दुसऱ्याला, किसनला, अमरावती. दोघं म्हणाले, "दादा, वाटे करून द्या. तुमच्याइतकं साफ कोणाले जमते?"

भाऊ चक्क खूश झाले! वावर दोरीनं मोजलं. बैल, भांडी, विहिरीच्या पाळ्या, शेणखत, सगळ्याचे तीन सारखे वाटे. चुलीतल्या राखेचेही तीन ढीग घातले.

"भांडायले जागाच नाही ठेवली," ते मिशीवर ताव देत मला म्हणाले.

ओसरीवरून आई म्हणाली, "दौलत, माहे तीन कसे करशीन?"

आई भाऊंकडेच राहिली, आणि वर्षभरात गेली.

लढाई संपली, भाव कोसळला, दलाली बुडाली. आता तरी धाकटे परततील असं वाटलं होतं. पण आपापले वाटे बटईनं, अर्ध्या पिकावर कसायला देऊन ते तिकडेच राहिले. अमरावतीकडची बैलबंडी दिसली की भाऊ रस्त्यावर जाऊन विचारत, "आमचा किसन दिसला काय?" आकड्याचं नाव काढणं मात्र त्यांनी सोडलं होतं.

एका सकाळी ते धुऱ्यावर, दोन वावरांमधल्या बांधावर, खड्डा खणत होते. एका बाजूला त्यांचा वाटा, दुसऱ्या बाजूला किसनचा. बरोबर मधोमध आंब्याचं रोप लावत होते.

"भाऊ, हे झाड कोणाचं मानायचं? उद्या भांडण होईन ना!"

"होऊ दे." त्यांनी माती दाबली. बराच वेळ हात तिथंच ठेवला. "मी लय साफ वाटलं, बापू. थोडं चुकायले पाहिजे होतं. आंबे खायाले नाही, तं भांडायले तं येतीन."