वाघवीर क्रमांक दोन यांचे दुःखद निधन

"ह्याचा चष्मा नीट दिसू दे," नवे साहेब म्हणाले, "आणि मग ह्याला मारून टाक."

राजदीप खोब्रागडे कानामागे पेन्सिल खोचून टेबलासमोर उभा होता. टेबलावर 'वाघवीर' ह्या चित्रकथेचा मागचा अंक उघडा पडला होता आणि साहेबांचं बोट वाघवीराच्या छातीवर टेकलेलं होतं.

"मारू? पण सर, वाघवीरच मेला तं पुस्तक कसं चालन?"

"वाघवीर कुठे मरतोय? हा मरतोय. पुढच्या पानावर नवा वाघवीर येईल." साहेबांनी आपल्या तुळतुळीत टकलावरून हात फिरवला. "चेहरा जरा रुबाबदार घे. कोणाचा घ्यायचा, हे मी सांगायला नको."

खरंच सांगायला नको होतं. 'वाघवीर' हे वनखात्याच्या जनजागृती कक्षाचं पुस्तक. जंगलालगतच्या गावांनी वाघापासून कसं जपावं हे लोकांना गोष्टीतून कळावं, असा मूळ हेतू. पट्ट्यापट्ट्यांची चड्डी घातलेला वाघवीर झाडांवरून उडत यायचा, मोहफुलं वेचायला एकट्यानं जाऊ नका म्हणून सांगायचा, आणि वाघ मागून झडप घालतो म्हणून डोक्याच्या मागच्या बाजूला मुखवटा बांधायला शिकवायचा. हेतू चांगला होता. पण कक्षाच्या खुर्चीवर जो बसेल त्याचं तोंड हळूहळू वाघवीराच्या धडावर येऊन बसायचं. पहिला वाघवीर मिशीवाला होता, कारण पहिले साहेब मिशीवाले होते. दुसरे साहेब चष्मेवाले आले आणि वाघवीराची नजर एकाएकी कमजोर झाली.

नाव मात्र तेच राहिलं. ते टोप्यांवर छापलेलं होतं, कमानीवर रंगवलेलं होतं, आणि त्याला नागपूरहून मंजुरी मिळालेली होती. नवं नाव म्हणजे नवी फाइल, आणि नागपूरला गेलेली फाइल परत आणण्याचा पराक्रम खुद्द वाघवीराच्याही आवाक्याबाहेरचा होता. तेव्हा माणूस बदलायचा आणि नाव चालवायचं, असं ठरून गेलं.

चष्मेवाल्या साहेबांनी निदान सभ्यपणा तरी दाखवला होता. त्यांनी पहिल्या वाघवीराची बदली केली. मिशीवाला वाघवीर वळकटी आणि पाण्याची बाटली घेऊन नागभीडच्या बसस्टँडवर उभा आहे, चष्मेवाला त्याच्याकडून चार्ज घेतो आहे, दोघंही कागदावर सही करताहेत, असं पानभर चित्र राजदीपनं काढलं होतं. वाचकांना त्यात काही वावगं वाटलं नाही. ह्या भागात येणारा प्रत्येक जण बदली होऊन जातोच. उडता येणारा माणूस एसटीची वाट काऊन पाहून राह्यला, एवढंच काही जणांनी विचारलं.

टकलावाल्या साहेबांना मात्र बदली चालणार नव्हती. चष्मेवाले नुसते गडचिरोलीला गेले होते आणि तिथून परत येण्यासाठी धडपडत होते. "बदली झालेला माणूस परत येतो," साहेब म्हणाले. "मेलेला येत नाही."

राजदीपनं सगळा धीर गोळा केला. "सर, ह्या वेळी कव्हरवर माह्यं नाव... छोट्या अक्षरात चालन."

"मरण चांगलं जमलं, तर बघू."

ह्या एका वाक्यावर राजदीपचा सगळा संसार टांगलेला होता म्हटलं तरी चालेल. कव्हरवर आजवर संकल्पना साहेबांची, मार्गदर्शन साहेबांचं आणि प्रेरणा साहेबांच्या साहेबांची असायची. चित्रं बहुधा आपोआप उगवत असावीत. राजदीपचं नागभीडला पाट्यांचं आणि फ्लेक्सचं दुकान होतं. त्याचे सासरे श्रावणजी माजरीच्या कोळसा खाणीतून रिटायर झालेले, आणि जावई काय करतो असं कोणी विचारलं की "पाट्या रंगवते" एवढंच सांगून विषय बदलणारे. राजदीपनं मोठ्या उमेदीनं त्यांना अंक दाखवला, तेव्हा त्यांनी चष्मा पुसून एकेक पान तपासलं होतं.

"जवाईबापू, तुमचं नाव कुठी हाये?"

"नाव नाही, मामाजी. चित्रं माही हायेत. आतमदी."

"आतमदी तं वाघ हाये," असं म्हणून त्यांनी अंक परत दिला होता. बायको साक्षी तेव्हा स्वयंपाकघरात उगाच भांडी आपटत होती. राजदीपला ते आवाज अजून ऐकू यायचे.

त्यामुळे त्यानं मरणात जीव ओतला. मरण ठरवणंच कठीण होतं. वाघानं मारलेलं चालेना, कारण मग कक्षाचा उपयोग काय? अस्वल आणि रानडुक्कर ह्यांच्याबद्दलही तेच. साप म्हटलं तर दवाखान्यात औषध नव्हतं का, असा प्रश्न निघाला असता. शेवटी साहेबांनी वीज पाडायला सांगितली. आभाळातली वीज कुठल्याच खात्याच्या अखत्यारीत येत नाही. राजदीपनं धानाच्या बांधीत पडलेला वाघवीर काढला, बाजूला फुटका चष्मा काढला, आणि काढताना त्याचे स्वतःचेच डोळे भरून आले.

अंक छापून आला. कव्हरवर राजदीपचं नाव नव्हतं. "जागाच उरली नाही रे," साहेब म्हणाले. जागा साहेबांच्या फोटोनं घेतली होती.

तो तोंड पाडून दुकानात बसला असताना मोहटोल्याच्या सरपंच नीलाबाई आल्या. मोहटोला म्हणजे जंगलाला चिकटलेलं गाव. मागच्या उन्हाळ्यात चष्मेवाल्या साहेबांनी तिथं स्वतः जाऊन मुखवटे वाटले होते. मुखवट्यावर अर्थातच वाघवीराचं, म्हणजे साहेबांचंच तोंड. आख्ख्या हंगामात गावातल्या बाया साहेबांचा चेहरा डोक्यामागे बांधून मोहफुलं वेचत होत्या. तेव्हापासून गाव त्यांना वाघवीर साहेब म्हणू लागलं होतं, आणि साहेबांनीही कधी नको म्हटलं नव्हतं.

"राजदीप भाऊ," नीलाबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "आमचे वाघवीर साहेब गेले ना!"

राजदीपच्या हातातली कात्री तशीच थांबली. "तुमी वाचलं?"

"आमच्या पत्रूनं चावडीत मोठ्यानं वाचून दाखवलं. बाया रडल्या. अशा चांगल्या माणसाले इजेनं काऊन नेलं असन?"

राजदीपला गहिवरून आलं. त्याच्या चित्रासाठी आख्खं गाव रडलं होतं! कुठल्या मोठ्या चित्रकाराच्या नशिबी हे सुख आलं असेल? नीलाबाई एका खऱ्याखुऱ्या माणसाबद्दल बोलत आहेत, ही शंका त्याच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती. डोकं त्याच्या स्वतःच्या मोठेपणानं गच्च भरलं होतं.

"चौकात श्रद्धांजलीचा बोर्ड लावाचा हाये. मोठा पाह्यजे."

"मी फुकट करून देतो, बाई. माह्याकडून."

"पण जरा कपडे घाला त्यायले. मेलेल्या माणसाले चड्डीवर नोका दाखवू."

राजदीपला ते पटलं. त्यानं वाघवीराला पांढरा शर्ट घातला, केसांचा नीट भांग पाडला, चष्मा सरळ केला. आता त्या चित्रात वाघवीराचं म्हणावं असं काहीच उरलं नव्हतं. उरले होते ते हुबेहूब चष्मेवाले साहेब. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', 'शोकाकुल: समस्त गावकरी, मोहटोला', आणि कोपऱ्यात चांगल्या ठसठशीत अक्षरांत 'चित्रकार: राजदीप खोब्रागडे'. पुस्तकानं नाही तर नाही, फ्लेक्सनं तरी नाव दिलं. त्यानं फोटो काढून साक्षीला पाठवला.

मोहटोल्याचा चौक गडचिरोलीच्या रस्त्यावर. पहिल्याच सकाळी एका ठेकेदारानं गाडी थांबवून फ्लेक्सला हात जोडले आणि फोन फिरवायला सुरुवात केली. चष्मेवाल्या साहेबांना फोन लावावा तर लागेना, कारण ते रेंज नसलेल्या आतल्या भागात दौऱ्यावर होते. फोन लागत नाही म्हटल्यावर लोकांची खात्रीच पटली.

जनजागृती कक्षात लगेच शोकसभा झाली. ज्यांनी पुस्तकातल्या चष्मेवाल्याला मारायला लावलं होतं, तेच टकलावाले साहेब "माझा मोठा भाऊ गेला" म्हणून असे हुंदके देऊ लागले की शिपायाला पाणी आणायला पळावं लागलं. तिकडे गडचिरोलीत साहेबांच्या क्वार्टरसाठी अर्ज आले. एका सहकाऱ्याची बायको तर खिडक्यांना पडदे किती लागतील ते मोजून गेली.

दुपारनंतर चष्मेवाले साहेब धुळीनं माखून दौऱ्यावरून परतले, तेव्हा त्यांच्या ऑफिसात त्यांच्याच फोटोला हार घालणं चाललं होतं. हार घालणारा कारकून हार टाकून पळाला. खुलासा व्हायला वेळ लागला, आणि तो झाल्यावर साहेबांनी जीप थेट मोहटोल्याला काढली.

फ्लेक्सपाशी पत्रू फुलं ठेवत होता. त्यानं साहेबांकडे पाहिलं, मग फ्लेक्सकडे, मग पुन्हा साहेबांकडे.

"साहेब, तुमी हाये?"

"दिसत नाही का तुला!"

"मंग इजेनं कोणाले नेलं?"

"कोणालाच नाही! ते पुस्तक आहे. पुस्तकातलं सगळं खोटं असतं!"

"सरकारी पुस्तकात खोटं छापते?" पत्रू विचारात पडला. "मंग डोक्यामागं मुखवटा बांधला का वाघ येत नाई म्हून छापलं होतं, थे बी खोटं काय?"

पुस्तक खरं म्हणावं तर साहेब मेलेले होते, आणि खोटं म्हणावं तर गावातल्या बायांना त्यांनी हंगामभर उगाच आपलं तोंड बांधून जंगलात पाठवलं होतं. त्यांनी तिसरा मार्ग धरला. "हे कोणी काढलं?" असं गरजून त्यांनी फ्लेक्सचा कोपरा वाचला.

मग चौकशी लागली. आजवर ह्या चित्रांना चित्रकार असतो हे कक्षात कोणालाच ठाऊक नव्हतं. आता सगळ्यांना ते एकदम आठवलं. संकल्पना राजदीपची, मार्गदर्शन राजदीपचं, वीज पाडण्याची प्रेरणासुद्धा राजदीपचीच, असं टकलावाल्या साहेबांनी लेखी कळवलं आणि "असली विकृत कल्पना मला कशी सुचेल?" असंही वर जोडलं. राजदीपचं काम गेलं. दुसऱ्या दिवशी पेपरात चौकटीत बातमी आली: 'जिवंत अधिकाऱ्याला श्रद्धांजली, चित्रकार राजदीप दादाजी खोब्रागडे यांचा प्रताप'. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, ठळक टायपात.

"बाबांचा फोन आला होता," साक्षी म्हणाली. "थे निंगाले माजरीहून."

"बातमी वाचली त्यायनं?"

"वाचली मनते. आवाजावरून कायी समजलं नाई."

राजदीपनं दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि आत पाट्यांच्या आड जाऊन बसला. काम गेल्याचं दुःख होतंच, पण सासऱ्यांच्या समोर उभं राहायचं त्याहून अवघड होतं. श्रावणजी वाकून आत आले. काखेत पेपरांचा गठ्ठा होता. माजरीच्या स्टॉलवर होते नव्हते तेवढे सगळे अंक त्यांनी उचलले होते.

"जवाईबापू, हे पाहा." त्यांनी एक पेपर उलगडून बोट ठेवलं. "चित्रकार. छापलं हाये. पाट्या रंगवणारा नाई लिवलं."

"मामाजी, थे माही बदनामी करून राह्यले."

"करू द्या ना. पण काऊन करून राह्यले? आख्खी कचेरी फसली चित्रानं! त्या साहेबाच्या संगं रोज बसणारे लोक रडले बाप्पा. मी खाणीत आख्खी उमर घातली, असा हात कोणाचा पाह्यला नाई." त्यांनी खिशातला कंगवा काढून केस नीट केले, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि स्टूल उजेडात ओढून त्यावर ताठ बसले.

"आता माहं बी एक काढून ठेवा. कधी ना कधी बोर्ड लागनच, तवा दुसऱ्या कोण्या पोट्ट्याच्या हातचं नोको मले."

"मामाजी, असं काय बोलता!"

"काढा मनतो ना. मिशा हायेत तश्याच ठेवजा. अन् कोपऱ्यात तुमचं नाव टाकजा, पण माह्या नावाहून लहान नोको."