पळण्यात नापास

एका जंगलात एक फार नावाजलेली शाळा होती. हो रे, शाळाच. जंगलात शाळा नसते असं तुला कोणी सांगितलं? आधी ते वेफर्सचं पाकीट खाली ठेव, मग शंका काढ.

तर या शाळेत शहराकडची पोरं हत्तीवर बसून यायची. ठिपकी नावाची हरणाची पोर मात्र दोन डोंगरांपलीकडच्या गावातून पळत यायची. नववीत होती. अंगानं काटकुळी, पण पळायला लागली की दिसायची नाही.

शाळेत पळणं हा विषय होता. त्याचा तास शनिवारी असायचा. तो अस्वलसर घ्यायचे आणि त्यात गणित शिकवायचे. परीक्षा मात्र पळण्याचीच, आणि लेखी.

सहामाहीत ठिपकी पळण्यात नापास झाली.

तिची आई तडक शाळेत आली. "सर, अहो पोरगी रोज दोन डोंगर पळते!"

"पळते हो," अस्वलसर म्हणाले. "पण पळण्याचे पाच फायदे विचारले, तर तीनच लिहिते. अशानं पुढं कसं व्हायचं?"

"मग मी काय करू?"

"येण्याजाण्यात फार वेळ जातो तिचा. वसतिगृहात ठेवा. जादा तासांना बसेल."

आईला पोर लांब ठेवायची नव्हती. पण पोरीचं नुकसान नको म्हणून तिनं ठेवलं.

ठिपकी बसली. सकाळी बसली, दुपारी बसली, बसल्या बसल्या वडापाव खाल्ले. मार्चपर्यंत गावचं पोर कुठलं आणि शहरचं कुठलं, हे पाठमोरं ओळखू येईना. वार्षिक परीक्षेत तिला पळण्यात शंभरपैकी अठ्ठ्याण्णव पडले. आईनं शाळाभर पेढे वाटले.

सुट्टीसाठी दोघी घरी निघाल्या. पहिल्याच चढावर मागून एक तरुण बिबट्या आला.

"पळ, ठिपके, पळ!" आई किंचाळली.

ठिपकी दहा पावलं पळाली आणि मटकन खाली बसली. आईला रडूच फुटलं. ती पोरीच्या पुढ्यात आडवी उभी राहिली आणि तिनं डोळे मिटले.

बराच वेळ झाला तरी काही होईना. आईनं डोळे उघडले. बिबट्या वीस पावलांवर बूड टेकून धापा टाकत होता.

"नववी अ ना गं तू?" त्यानं कसंबसं विचारलं. "पळण्यात किती पडले?"

"अठ्ठ्याण्णव. तुला?"

"मी ब तुकडीत. शिकारीत नव्याण्णव."

तात्पर्य : पळता येत नसेल तर घाबरू नये. फक्त बिबट्याची पोरंही आपल्याच शाळेत आहेत ना, एवढी चौकशी प्रवेश घेताना करावी.