साथीला बाथरूमचं दार

गीतकाराला नवी चाल सुचली ती डोक्याला साबण लावलेला असताना. ती निसटू नये म्हणून त्याने ओल्या हाताने फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं आणि गायला लागला. कडव्याच्या ऐन मध्यावर सासऱ्यांनी दार ढकललं.

"जावईबापू, निघणार की आतच संसार थाटलात?"

दाराने नेहमीचा लांबलचक हंबरडा फोडला. 'कुंईऽऽऽ!'

सासऱ्यांचं वाक्य कापता आलं, हंबरडा मात्र चालीतच घुसला होता. संध्याकाळी बँडने ते ऐकलं.

"गाणं आपलं बरंय," ड्रमवाला म्हणाला, "पण ते मधलं वाद्य कसलं रे? काळजाला पीळ पडतो!"

"बाथरूमचं दार आहे ते."

"असू दे. गरिबीतून वर आलेलं दिसतंय. ठेव."

गाणं तुफान चाललं. म्हणजे दार चाललं. गाणं त्याच्या मागून गेलं. एका रेकॉर्ड कंपनीच्या मालकीणबाई खुद्द कार्यक्रमाला येणार असा निरोप आला. त्यांना आवडलं तर करार, नाहीतर गीतकाराने गिटार माळ्यावर टाकून मेहुण्याच्या टायरच्या दुकानात बसायचं, हे बायकोने ठरवून टाकलं होतं.

बँडने आधी दुसरी दारं वाजवून पाहिली. एक नुसतंच खोकायचं, दुसरं सुरात यायच्या आत बंद व्हायचं. अखेर घरचंच दार चौकटीसकट उचकटलं.

"आणि आम्ही काय करायचं?" बायकोने विचारलं.

"पडदा लाव."

"पडद्याआड बाबा अंघोळ करणार?"

"गात गात करू देत. आत कुणी आहे हे तरी कळेल."

आपल्या घरचं दार चारचौघांत जाणार म्हणून सासऱ्यांनी ते स्वच्छ पुसलं आणि बिजागऱ्यांना पोटभर तेल पाजलं.

सभागृह खचाखच भरलं होतं. गाण्यात दाराची जागा आली. गीतकाराने गिटार सोडून दार ओढलं. सायीतून सुरी फिरावी तसं ते उघडलं. त्याने ढकललं. मिटलं. हूं की चूं नाही.

"घसा बसला वाटतं," ड्रमवाला पुटपुटला.

"बघा, कसं लोण्यासारखं चालतंय!" विंगेतून सासऱ्यांचा अभिमानी आवाज आला.

गीतकाराच्या डोळ्यांपुढे टायर गरगरू लागले. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या कुणा बाईंना राहवलं नाही. "कुंईऽऽऽ!" मग त्यांच्या यजमानांनी सूर लावला, मग अख्ख्या सभागृहाने. दार उघडलं की कुंई, मिटलं की कुंई! लोक खुर्च्यांवर उभे राहिले. 'वन्स मोअर'ला नुसतं दारच घेतलं.

मालकीणबाई डोळे पुसत विंगेत आल्या. "करार आत्ताच करू."

गीतकाराने खिशातून पेन काढलं.

"अट एकच. गायक, वादक, गीतकार आम्हाला वाटेल तेव्हा बदलू. दार मात्र हेच हवं. दाराच्या वतीने सही कोण करणार?"

सासऱ्यांनी जावयाच्या हातातलं पेन अलगद काढून घेतलं.

"मी करतो," ते म्हणाले. "घर माझ्या नावावर आहे."